गच्चीवर १२ फुटी प्लायची होडी: इपॉक्सी चिकट राहते, डबा धुरावतो, वर बुडबुडेही

गच्चीकर (बडोदे)

नमस्कार मंडळी. दोघांसाठी सपाट तळाची, वल्ह्यांची छोटी होडी बांधायला घेतली आहे. लांबी १२ फूट, तळ मध्यावर तीन फूट रुंद, बाजू सव्वा फूट उंच. पद्धत तारेने शिवून जोडायची: प्लायचे तुकडे कापायचे, कडेला भोके पाडून तांब्याच्या तारेने टाचायचे, आतून सांध्यात इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून टणक होणारा गोंद) भरायची आणि वर काचेच्या कापडाची पट्टी. बाहेरून अख्ख्या होडीला कापड. काम गच्चीवर ताडपत्रीखाली चालू आहे, दुपारी पारा ४१ च्या पुढे जातो.

मूळ प्लायला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यांवर तीन चाचण्या केल्या, तिन्ही फसल्या.

१. रेझिन एलवाय ५५६, हार्डनर एचवाय ९५१. दुकानदाराने "शंभराला दहा" सांगितले. १०० मिली रेझिनमध्ये इंजेक्शनच्या सिरिंजने १० मिली हार्डनर घातला. तीन दिवस झाले तरी नख रुतते.

२. एकदम ४०० ग्रॅम कालवले. सहा-सात मिनिटांत प्लास्टिकचा डबा हातात धरवेना, मग धूर, आणि आतला गोळा दगड.

३. सकाळी नऊला एका फळीवर रेझिनचा नुसता एक हात मारला. अकराला पाहिले तर साबुदाण्याएवढे बुडबुडे, फोडले की खाली कोरडे लाकूड.

शिवाय फायबरचे काम करणारा एक कारागीर म्हणतो की इपॉक्सीचा नाद सोडा, पॉलिएस्टर वापरा, निम्म्याहून कमी खर्चात होईल. प्लाय अजून घ्यायचा आहे. एकूण रेझिन किती लागेल, तेही सांगा.

---

डोलकाठी

तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि रेझिन बहुधा चांगलेच आहे.

पहिली तक्रार. "शंभराला दहा" हे वजनाचे प्रमाण आहे. या जातीच्या रेझिनची घनता साधारण १.१५, हार्डनरची पाण्याहून किंचित कमी. म्हणजे तुमचे १०० मिली रेझिन भरले ११५ ग्रॅम, त्याला हार्डनर हवा साडेअकरा ग्रॅम, आणि १० मिलीत गेला पावणेदहा. पंधरा टक्के तूट. आकारमानानेच मोजायचे असेल तर शंभराला बारा धरावे लागते, पण ते करू नका. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही: १०० ग्रॅम रेझिनला हार्डनर दहाच ग्रॅम, त्यात एक ग्रॅम इकडेतिकडे झाला की दहा टक्के चूक. वलसाडच्या अतुलचे लॅपॉक्स एल-१२ आणि के-६ घेतलेत तरी हिशोब हाच, तेही वजनाने १००:१०.

हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, हा समज काढून टाका. पॉलिएस्टरमध्ये थेंबांनी जे घालतात ते फक्त क्रिया सुरू करते, त्यामुळे तिथे कमीजास्त चालून जाते. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनच्या साखळीचाच भाग होतो. कमी पडला तर काही रेझिन एकटे राहते, जास्त झाला तर हार्डनर एकटा राहतो. दोन्ही बाजूंनी माल मऊ आणि पाणी धरणारा.

जो तुकडा चिकट राहिला आहे, त्यावर आधी ओले फडके फिरवून पाहा. चिकटपणा साबणासारखा निघून गेला तर तो हार्डनरने हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी केलेला मेणचट थर आहे. साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुतला की झाले. तो न धुता पॉलिश पेपर मारला तर पेपर लगेच भरतो आणि मेण आणखी आत चोळले जाते. तुमचे मात्र नख रुतते आहे, म्हणजे माल कच्चा आहे. त्यावर दुसरा हात मारून काही साधणार नाही. हीट गनने गरम करून खरवडून काढा, उरलेले ॲसिटोनने पुसा.

दुसरी तक्रार. कालवलेले रेझिन स्वतःच उष्णता सोडते. पसरलेले असेल तर ती निघून जाते, उंच डब्यात असेल तर मधोमध साठते आणि साठली की क्रिया आणखी वेगाने. दर दहा अंशांना हाताशी मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. पंचवीस अंशांना अर्धा तास मिळत असेल तर चाळीसला दहा मिनिटे. तेव्हा एका वेळी १५० ग्रॅमहून जास्त कालवू नका, आणि कालवून झाले की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. हार्डनर घालण्याआधी रेझिनची बाटली थंड पाण्याच्या बादलीत ठेवली तर आणखी चार-पाच मिनिटे पदरात पडतात (झाकण घट्ट, पाण्याचा थेंब आत नको). डबा तापायला लागलाच तर वाचवायच्या भानगडीत पडू नका. पत्र्याच्या तसराळ्यात उघड्यावर ओतून द्या आणि धुरापासून लांब व्हा. तो धूर फुप्फुसांना वाईट.

कालवताना दोन डबे ठेवा. पहिल्यात दोन मिनिटे कडा-तळ खरवडत ढवळायचे, मग सगळे दुसऱ्या डब्यात ओतून पुन्हा मिनिटभर. पहिल्या डब्याच्या कोपऱ्यात अर्धवट मिसळलेले रेझिन राहतेच आणि शेवटच्या हाताला तेच फळीवर चिकट ठिपके होऊन बसते.

तिसरी तक्रार ही निव्वळ वेळेची. सकाळी नऊनंतर लाकूड तापत जाते, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर पडते आणि वरचा ओला थर फुगवते. पहिला हात नेहमी उतरत्या तापमानात. उन्हाळ्यात इथे संध्याकाळी सहानंतर, फळी दिवसभर तापलेली असताना. लाकूड निवत जाते तशी आतली हवा आकसते आणि रेझिन छिद्रांत ओढले जाते. तीच फळी, तेच रेझिन, फक्त घड्याळ बदला.

हातमोजे नायट्राइलचे घाला. या हार्डनरची ॲलर्जी एकदा अंगात भरली की मग जन्मभर नुसत्या वासानेही पुरळ उठू शकते. हात ॲसिटोनने धुणे तर अजिबात नको, त्याने रेझिन कातडीत आणखी मुरते. व्हिनेगर किंवा साबण.

---

फायबरवाला

अहो, पाण्याच्या टाक्या, कूलरची बॉडी, बागेतल्या पॅडल बोटी, सगळे पॉलिएस्टरचेच असते. वर्षानुवर्षे पाण्यात पडून असतात. मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) किलोने मिळते, उन्हात अर्ध्या तासात सेट. एवढ्याशा होडीला इपॉक्सी म्हणजे चुलीसाठी चंदन.

---

रंधा-पटाशी

फायबरवाले, तुमच्या टाकीत आणि पॅडल बोटीत लाकूड नसते. साच्यात घातलेला तो अख्खा काच-रेझिनचा कवच असतो, त्याला कशाला चिकटायचे नसते. तिथे पॉलिएस्टर योग्यच आहे.

लाकडावर गोष्ट वेगळी. पॉलिएस्टर सुकताना आकारमानाने पाच ते आठ टक्के आकसते, इपॉक्सी त्या मानाने फारच कमी. लाकूड ओलाव्याने फुगते-आकसते, पॉलिएस्टर ताठ, त्यामुळे एखाद-दोन पावसाळ्यांत कडेला थर सुटतो. तिथून पाणी शिरते, कापड आणि प्लाय यांच्यामध्ये अडकते आणि लाकूड आतून कुजते. वरून होडी चकाचक दिसत असते.

गच्चीकर, चाचणी स्वतः करून बघा, वाद मिटेल. त्याच प्लायच्या दोन तुकड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवा, एक इपॉक्सीने, एक पॉलिएस्टरने. शेवटचे दोन इंच न चिकटवता सोडा. आठवड्याने ते टोक पक्कडीत धरून मागे ओढा. पट्टीबरोबर लाकडाचे तंतू उपटून आले तर चिकटले. पट्टी स्वच्छ निघाली आणि खाली प्लाय जसाच्या तसा दिसला तर नाही चिकटले. इपॉक्सीसाठीही ही चाचणी कराच, कारण मरीन प्लायला कीड-बुरशीचे औषध पाजलेले असते आणि वरचा थर कधीकधी कारखान्यातल्या गरम दाबाने गुळगुळीत बंद झालेला असतो. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्याशिवाय त्यावर काहीही लावू नये. घासताना मास्क, तो भुसा औषधाचा आहे.

आणि कोणी पॉलिएस्टरचे काम करणारच असेल तर: कोबाल्ट (क्रियेचा वेग वाढवणारे द्रव) आणि एमईकेपी (क्रिया सुरू करणारे, थेंबांनी घालायचे द्रव) एकमेकांत थेट कधी मिसळू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच एमईकेपी. दोन्ही नुसते एकत्र आले तर स्फोटासारखे पेटते. इथे कित्येकजण दोन्ही बाटल्या एकाच खोक्यात ठेवतात.

कापडाबद्दल. फायबरच्या दुकानात "मॅट" मागितली की तुकड्या-तुकड्यांची, कापसासारखी दिसणारी मॅट देतात. ती घेऊ नका. तिचे तंतू धरून ठेवणारा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नाही, म्हणून मॅट ताठच राहते, कोपऱ्यावर बसत नाही आणि रेझिन दुपटीने पिते. विणलेले कापड हवे, २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, "इपॉक्सीला चालणारे सिलेन फिनिश" असे सांगून. सांध्यांना ७५ मिमी रुंद, विणलेल्या काठाची टेप. कापड घडी घालून आणू नका, गुंडाळीच आणा. घडीची रेघ रेझिनमध्येही जात नाही.

---

गच्चीकर

काटा आणला. वजनाने केलेला तुकडा रात्रभरात टणक झाला, धन्यवाद डोलकाठी. आता प्लाय, शिवण आणि रेझिनचा हिशोब सांगा. सहा मिमी पुरेल ना? सुतारकाका नऊ म्हणतात.

---

पाणसळ

सहा पुरेल. नऊ घेतलात तर पुढचे टोक वळवताना प्लाय तडकेल किंवा तारा तुटतील. सुतारकाका कपाटाच्या हिशोबाने बोलत आहेत. इथे ताकद जाडीतून कमी आणि वळणातून, सांध्यातून, बाहेरच्या कापडातून जास्त येते.

आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) चा शिक्का बघा, आयएसआय चिन्हाबरोबर परवाना क्रमांकासकट. "बीडब्ल्यूआर" म्हणजे आयएस ३०३, तो वेगळा. ७१० च्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात. घरी निदान चार-पाच तास पातेल्यात उकळून वाळवा आणि थर सुटतात का पाहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शीटच्या चारही कडा डोळ्याजवळ धरून बघणे. आतल्या थरांत फट दिसली तर ती आत लांबवर गेलेली असते, आणि वळवताना प्लाय नेमका तिथेच मोडतो. सहा मिमीत तीन थरांपेक्षा पाच थरांचा घ्या.

तुमच्या मापाला तीन शीट ओढूनताणून बसतात. चार घ्या, बाके आणि आडव्या फळ्या त्यातच निघतील. आपल्याकडचा मरीन प्लाय जड लाकडाचा, घनता ७०० च्या आसपास धरली तर सहा मिमीचे एक शीट साडेबारा किलो. तयार होडी ४५ ते ५० किलो. दोन माणसांसह सुमारे १९० किलो, तळाचे क्षेत्र २.६ चौरस मीटर, म्हणजे ती पाण्यात सात-साडेसात सेंटीमीटर बसेल. बाजू ३८ सेंमी उंच असताना भरपूर झाले.

आठ फुटी शीट लांबवायला तिरकस जोड, एकास आठ. सहा मिमीला ४८ मिमी उतार. शीटे एकावर एक, प्रत्येक ४८ मिमी मागे सरकवून पायऱ्यांसारखी रचा आणि एकत्रच रंधा मारा. प्लायच्या थरांच्या रेघा सरळ, समांतर दिसल्या की उतार बरोबर. रेघ वाकडी झाली तिथे खड्डा आहे. चिकटवताना आधी दोन्ही उतारांवर नुसते रेझिन लावून पाच मिनिटे पिऊ द्या, मग घट्ट केलेले (कसे करायचे ते खाली गोलाईत सांगतो) लावा. हे टाळले तर लाकूड सांध्यातले रेझिन शोषून घेते आणि जोड उपाशी राहतो. शिकंजाही बेताने आवळा, इपॉक्सीला फेव्हिकॉलसारखा दाब नको. सगळा माल पिळून बाहेर आला तर आत उरले काय?

शिवण: कडेपासून १० मिमी आत, दर १५ सेंमीला २ मिमीचे भोक, टोकाकडे वळण जास्त तिथे ८ सेंमीला. तार १८ गेज तांब्याची. आधी सगळ्या तारा सैल पिळा, आकार आल्यावर थोड्याथोड्या आवळत जा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर होडी केळ्यासारखी वाकते.

आवळून झाले की इथे एक अख्खी संध्याकाळ घालवा, मापात. मध्यरेषेवर दोरी ताणा. टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतची अंतरे मोजा, फरक ३ मिमीहून जास्त नको. मग दोन सरळ पट्ट्या काठावर आडव्या ठेवा, एक पुढे एक मागे, आणि एक डोळा मिटून पुढून बघा. पट्ट्या समांतर नसतील तर होडी पिळलेली आहे. आत्ता पाचर सरकवून सरळ होते. रेझिन पडल्यावर जन्मात होत नाही, आणि पिळलेली होडी वल्हवताना सतत एका बाजूला जाते. लोक नेमकी हीच पायरी घाईत उरकतात.

नंतर तारांच्या मधल्या जागेत घट्ट रेझिनचे ठिपके. सुकले की तारा कापून काढा. अडकली असेल तर तारेचे टोक सोल्डरिंग आयर्नने तापवा, सुटते.

आता आतली गोलाई. रेझिनमध्ये आधी फ्यूम्ड सिलिका (रेझिन घट्ट करणारी हलकी पांढरी पूड), मग चाळलेला बारीक लाकडी भुसा. घट्टपणा चक्क्याइतका: चमचा उलटा धरला तर पडता कामा नये, पण पसरवताना तुटताही कामा नये. श्रीखंडाइतका सैल ठेवलात तर उभ्या सांध्यावरून ओघळेल. गोलाईची त्रिज्या १८ मिमी; तेवढ्या गोल टोकाची प्लायची पट्टी कापून तीच फिरवायची. कडेला सांडलेले लगेच उचला, सुकल्यावर त्याला छिन्नी लागते. गोलाई अजून ओलसर असतानाच टेप बसवा, दोन थर. सुकल्यावर बसवायची म्हटली तर धुणे, घासणे, सगळे आले.

रेझिनचा हिशोब, रेझिन अधिक हार्डनर मिळून:
बाहेरचे कापड, ६ चौ. मी. × ३५० ग्रॅम (२०० कापडाला, १५० लाकडाला): २.१ किलो
कापडाची वीण भरायला दोन हात: १.५ किलो
आत तीन हात, बाके धरून: २.२ किलो
गोलाई, सुमारे १० मीटर सांधा: ०.८ किलो
टेप, जोड, काठपट्टी: ०.८ किलो

झाले ७.४. डब्यात वाया जाणारे धरून ९ किलो आणा. कापड एक मीटर पन्ह्याचे ८ मीटर, टेप २० ते २२ मीटर.

काठपट्टी सागाची करणार असाल तर ताजे घासून, ॲसिटोनने पुसून, अर्ध्या तासात चिकटवा. सागाचे तेल पुन्हा वर येते.

---

डोलकाठी

पाणसळने सगळे सांगितलेच आहे, बाहेरच्या कापडाचे राहिले.

तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड ६ मिमी त्रिज्येने तरी गोल करा. काचेचे कापड धारेवर बसत नाही, उचलले जाते आणि खाली हवेची पोकळ नळी राहते. कापड कोरडे पसरा, हाताने सुरकुत्या काढा. रेझिन मधोमध ओतून गाडीला लांबी (पुट्टी) भरायला वापरतात त्या प्लास्टिकच्या पत्र्याने कडांकडे ओढत न्या. ब्रशने चोपू नका, फेस होतो. ओले झालेले कापड पारदर्शक आणि मंद दिसले पाहिजे, विणीचा पोत जाणवेल असे. पांढरट ठिपका म्हणजे कोरडे. आरशासारखी चकाकी म्हणजे कापड रेझिनवर तरंगते आहे, ते जास्तीचे ओढून काढा. लोंबणाऱ्या कडा रेझिन रबरासारखे असताना ब्लेडने कापा. सकाळपर्यंत थांबलात तर त्याच कडा हात फाडतात.

वीण भरायचे पुढचे हात आदला नखाला किंचित दबत असतानाच द्या, म्हणजे मध्ये घासावे लागत नाही. इथल्या उन्हाळ्यात ती वेळ दोन-अडीच तासांत येते. संध्याकाळी सहाला सुरुवात केली तर रात्री अकरापर्यंत तिन्ही हात होतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

हे काम पावसाळ्यात ढकलू नका. जुलैत प्लाय ओलावा धरतो आणि मेणचट थर प्रत्येक हाताला येतो. एक तर जूनच्या आधी संपवा, नाहीतर दिवाळीनंतर. डिसेंबरच्या सकाळी हेच रेझिन काकवीसारखे होते, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते.

---

रंधा-पटाशी

दोन-तीन सुट्या गोष्टी.

रंग पांढरा किंवा फिकटच. घरगुती तापमानाला सुकलेले इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात उन्हातली गडद निळी होडी सहज त्यापलीकडे जाते. मग कापडाची वीण रंगातून वर दिसू लागते. उघडे इपॉक्सी उन्हात पिवळे पडून खडूसारखे होते, म्हणून रंग हवाच. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, खाली इपॉक्सी प्रायमर.

बाकांखाली हवाबंद कप्पे कराल, होडी उलटली तरी तरंगावी म्हणून. कराच. पण प्रत्येक कप्प्याला फिरकीचे झाकण ठेवा आणि होडी उन्हात उभी असताना ते उघडे ठेवा. आतली हवा २५ वरून ६० अंशांवर गेली तर दाब जवळजवळ बारा टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या मीटर बाय चाळीस सेंमीच्या फळीवर तो भार २४० किलोच्या घरात जातो. सांधा फाटतो आणि लोक रेझिनला शिव्या देतात.

विश्वामित्रीत उतरवायचा विचार असेल तर तिथले यजमान मगरी आहेत, आणि आजवा हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव. महीवर किंवा चांदोदला नर्मदेवर जायचे तर आधी परवानगी विचारा. चांदोदला वरच्या धरणातून पाणी सुटले की पातळी वाढते, तेव्हा होडी काठावर नुसती ओढून ठेवू नका, बांधा. लाइफ जॅकेट माणशी एक, अंगात घातलेले. जानेवारी २०२४ मधल्या हरणी तलावातल्या होडी दुर्घटनेची आठवण इथे कुणाला करून द्यायला नको.

आणि जिन्याचे वळण मोजलेत का?

---

गच्चीकर

जिना नाही मोजला. आत्ता मोजला. वळणावर साडेनऊ फुटांहून लांब काही फिरत नाही.

---

पाणसळ

मग गच्चीच्या कठड्यावरून दोराने, मागची फळी वर आणि टोक खाली. ५० किलोला चार माणसे, दोन दोर, दोर अडकवायला मागच्या फळीत दोन आरपार भोके. ती आत्ताच मोठी पाडा, घट्ट रेझिनने भरून घ्या, आणि सुकल्यावर मधोमध बारीक भोक पुन्हा पाडा, म्हणजे दोराच्या घर्षणाने प्लायचे थर उघडे पडणार नाहीत. कठड्यावर जुनी गादी टाका.